दूरशिक्षणाची नवी साधने आणि धर्मशिक्षकांची घडण

विद्यापीठीय अध्यापनाच्या पद्धतीत गेल्या काही वर्षांत जे स्थित्यंतर घडून आले, त्याचा विचार आपल्या धर्मविद्यालयांनाही आता टाळता येण्यासारखा नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि पाहता पाहता विद्यापीठांचे वर्ग संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. साथ ओसरली, वर्गांची दारे पुन्हा उघडली. परंतु पडदा मात्र शिक्षणातून गेला नाही. वर्गात समोरासमोर शिकणे आणि दुरून पडद्यावर शिकणे यांची सांगड घालणारी पद्धती आज देशातील विद्यापीठांच्या व्यवहारात रूढ झाली आहे.

सुरतेसारख्या शहरात कार्य करणाऱ्या धर्मगुरूला हा प्रश्न विशेष जाणवतो. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतून येऊन स्थायिक झालेली मराठी भाषिक कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. यंत्रमागाच्या कारखान्यांत पाळी बहुधा बारा तासांची असते. अशा वस्तीत प्रार्थनासभा चालविणारा, मुलांना धर्माचे पाठ देणारा आणि आजाऱ्याच्या अंथरुणाशी प्रथम पोहोचणारा धर्मशिक्षक हा पुष्कळदा स्वतःही कामगारच असतो. त्याला दोन वर्षांच्या निवासी अभ्यासक्रमासाठी पाठविणे म्हणजे त्याच्या घरची चूल विझविणे होय. दुसऱ्या बाजूने, त्याच वस्तीतील मुले आज महाविद्यालयात जातात आणि सृष्टीच्या उत्पत्तीविषयी, इतर धर्मांविषयी, पवित्र शास्त्राच्या ऐतिहासिकतेविषयी त्याला असे प्रश्न विचारतात, की ज्यांची उत्तरे देण्याची तयारी त्याच्याकडून कोणी करून घेतलेली नसते.

अशा मनुष्यापर्यंत विद्यापीठाच्या तोडीचे धर्मशिक्षण ही नवी साधने नेऊ शकतील काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रथम साधनांचे स्वरूप व इतिहास, नंतर त्यांच्या यशापयशाचा अनुभव, आणि शेवटी पवित्र शास्त्र व ख्रिस्तसभेची शिकवण यांच्या प्रकाशात आपले कर्तव्य, असा क्रम येथे स्वीकारला आहे.

१. संज्ञांचे स्पष्टीकरण

तीन संज्ञा एकमेकींत मिसळल्या जातात, म्हणून त्या वेगळ्या करून पाहणे इष्ट ठरेल. दूरशिक्षण म्हणजे विद्यार्थी विद्यापीठापासून दूर राहून, मुद्रित पुस्तिकांच्या व अभ्यासकेंद्रांच्या साहाय्याने जे शिक्षण घेतो ते. ऑनलाइन शिक्षण म्हणजे पाठ, स्वाध्याय व संवाद हे सर्व इंटरनेटद्वारे चालणारे शिक्षण. आणि संमिश्र शिक्षण म्हणजे एकाच अभ्यासक्रमाचा काही भाग प्रत्यक्ष वर्गात व काही भाग ऑनलाइन, अशी योजनापूर्वक केलेली विभागणी. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये संमिश्र शिक्षणाविषयी जे टिपण प्रसिद्ध केले, त्यात ४० टक्क्यांपर्यंत अध्यापन ऑनलाइन व उर्वरित प्रत्यक्ष, असे प्रमाण सुचविले होते.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. शिक्षक व विद्यार्थी एकाच वेळी उपस्थित असतील, तर ते समकालिक अध्यापन. दृश्य सभा हे त्याचे उदाहरण. पाठ आधी ठेवून दिलेला असेल आणि विद्यार्थी आपल्या सवडीने तो ऐकत वा वाचत असेल, तर ते यथावकाश अध्यापन होय. रात्रपाळी करणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीने हा भेद केवळ शाब्दिक नाही. संध्याकाळी सात वाजता भरणारा ऑनलाइन वर्ग त्याला पुण्यातील वर्गाइतकाच दूर असतो.

२. या वाटेचा पूर्वेतिहास

ही साधने एकाएकी उगवलेली नाहीत. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत भारताने अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविले होते. त्याच काळात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज येथील लहानशा प्रक्षेपण केंद्रातून, अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राच्या मार्गदर्शनाखाली, ग्रामीण श्रोत्यांसाठी त्यांच्याच बोलीत आणि त्यांच्याच प्रश्नांवर कार्यक्रम होऊ लागले. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी देशव्यापी वर्ग सुरू केला. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. यांपैकी बहुतेक प्रयत्नांत एक उणीव समान होती. शिक्षकाचा आवाज विद्यार्थ्यापर्यंत जात असे. विद्यार्थ्याचा आवाज शिक्षकापर्यंत परत येण्याची सोय अत्यल्प होती.

मुक्त विद्यापीठांनी ही उणीव अभ्यासकेंद्रांच्या द्वारे भरून काढण्याचा प्रयत्न केला. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९४ साली अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरी करीत, संसार सांभाळीत पदवी मिळविता येते, हा विश्वास सामान्य माणसाला या संस्थांनी दिला.

ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या क्षेत्रात हाच विचार याहूनही आधी झाला होता, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात नसते. १९६३ साली ग्वाटेमालातील एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीने अनुभव घेतला, की जे खरोखर मंडळ्या सांभाळीत होते ते शेती व धंदा सोडून सेमिनरीत येऊ शकत नव्हते, आणि जे येत होते ते शिकून पुन्हा खेड्यात जात नव्हते. तेव्हा विद्यार्थी सेमिनरीत आणण्याऐवजी सेमिनरीच विद्यार्थ्यांकडे नेण्याचे ठरले. विद्यार्थी घरी स्वाध्यायपुस्तिकेवरून अभ्यास करी आणि ठरावीक दिवशी शिक्षक जवळच्या केंद्रावर येऊन चर्चा घेई. याच धर्तीवर १९७१ साली भारतात बंगळूर येथे विस्तार-धर्मशिक्षणाची संघटना उभी राहिली व तिचे कार्य पुढे अनेक भारतीय भाषांत पसरले. आपण कॅथलिकांनी या बंधूंच्या अनुभवाकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

या चळवळीचे एक चिंतक टेड वॉर्ड यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तिच्या रचनेला कुंपणाची उपमा दिली होती. कुंपणाला दोन आडव्या फळ्या असतात. एक फळी म्हणजे अभ्यासाने मिळणारे ज्ञान. दुसरी फळी म्हणजे प्रत्यक्ष सेवेचा अनुभव. या दोन फळ्यांना ठरावीक अंतरावर खांब धरून ठेवतात. ते खांब म्हणजे शिक्षक व सहाध्यायी यांच्याशी होणाऱ्या चर्चासभा. खांब नसतील तर दोन्ही फळ्या जमिनीवर पडतात. खांब एकमेकांपासून फार दूर असतील तर फळ्या वाकतात. संमिश्र शिक्षणाविषयी पुढे जे काही लिहिले गेले, त्याचे सार या उपमेत आले आहे. आजच्या साधनांनी पहिली फळी पूर्वीपेक्षा पुष्कळच सुलभ व स्वस्त केली आहे. खांब रोवण्याचे काम मात्र आजही माणसालाच करावे लागते.

३. साधने आणि त्यांचे गुणधर्म

केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' या नावाने विद्यापीठीय अभ्यासक्रमांचे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू केले. त्यातील प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार पाद ठरविलेले आहेत: चित्रमुद्रित व्याख्यान, उतरवून घेता येण्याजोगे वाचनसाहित्य, स्वतःची प्रगती तपासण्यासाठी चाचण्या, आणि शंका विचारण्यासाठी चर्चामंच. या अभ्यासक्रमांचे गुणांक विद्यापीठांनी आपल्या पदवीसाठी ग्राह्य धरावेत असा नियम २०१६ साली झाला, तेव्हा मर्यादा २० टक्के होती. २०२१ साली ती ४० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली. ही चतुष्पाद विभागणी ध्यानात ठेवली, तर बाजारात दररोज येणाऱ्या नव्या नावांनी गोंधळून जाण्याचे कारण उरत नाही. कोणतेही साधन या चारांपैकी कोणते काम करते, एवढेच विचारावे.

पाठ ठेवण्याचे, स्वाध्याय स्वीकारण्याचे व प्रगतीची नोंद ठेवण्याचे काम अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली करते. मूडल ही अशी सर्वपरिचित प्रणाली असून ती कोणत्याही संस्थेला विनामूल्य वापरता येते. तिचे निर्माते मार्टिन डूगियामास यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी प्रदेशात गेले व तेथे त्यांचे शालेय पाठ रेडिओवरून होत असत. २००२ साली मूडलची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिचे फलक अंशतः मराठीतही उपलब्ध आहेत. लहान धर्मविद्यालयांसाठी गूगल क्लासरूम हे २०१४ पासूनचे साधन अधिक सोपे आहे. मात्र अशा सेवांत विद्यार्थ्यांची माहिती व त्यांचे लेखन दुसऱ्याच्या संगणकावर साठविले जाते, हे विसरू नये.

समकालिक भेटीसाठी झूम, गूगल मीट किंवा विनामूल्य मिळणारी जित्सी व बिगब्लूबटन ही साधने आहेत. त्यांपैकी बिगब्लूबटनचा प्रारंभ कॅनडातील ओटावा येथील कार्लटन विद्यापीठात खास अध्यापनासाठीच झाला. या साधनांचा खरा उपयोग शंकासमाधान व चर्चा यांसाठी आहे. पाऊण तासाचे व्याख्यान ऐकविण्यासाठी सर्वांना एकाच वेळी पडद्यापुढे बसविणे, हा त्यांचा सर्वांत महाग व सर्वांत निष्फळ उपयोग होय. कारण व्याख्यान आधी मुद्रित करून देता येते.

मुद्रणाच्या बाबतीतही एक साधा हिशेब उपयोगी पडेल. केवळ बोलण्याचे ध्वनिमुद्रण सेकंदाला ३२ किलोबिट या वेगाने साठविले, तर एक तासाचा पाठ सुमारे १५ मेगाबाइटांत मावतो. त्याच तासाचे चलच्चित्र साध्या प्रतीचे असले तरी काही शे मेगाबाइट व्यापते. वक्त्याचा चेहरा दिसल्याने संत पौलाचे नीतिमत्त्वविषयक प्रतिपादन अधिक समजते असे नाही. ध्वनिमुद्रण मागावर जाता-येता बसमध्ये ऐकता येते, पुन्हा ऐकता येते आणि जुन्या मोबाइलवरही चालते. नकाशा, मंदिराची रचना, विधीतील हालचाल असे जेथे डोळ्यांनी पाहणे आवश्यक आहे, तेथेच चलच्चित्र वापरावे.

चर्चामंचाचे काम आपल्याकडे बहुतेक ठिकाणी व्हॉट्सॲपच्या गटावरच चालते. ते सर्वांच्या हाती आहे, हा त्याचा गुण. त्यात अभ्यासाची चर्चा वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली बुडून जाते, हा त्याचा दोष. सबब अभ्यासाचा गट स्वतंत्र ठेवावा आणि आठवड्याला एकच प्रश्न मांडावा.

४. अपयशांचा बोध

या साधनांचा इतिहास यशाचाच आहे असे नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे मूल्यांकन एकदम संगणकाच्या पडद्यावर करण्याचा निर्णय घेतला. सतरा लाखांच्या घरातील उत्तरपत्रिकांची प्रतिचित्रे काढून ती शिक्षकांना पाठवावयाची होती. पूर्वतयारी व प्रशिक्षण पुरेसे नसल्यामुळे निकाल कित्येक आठवडे रखडले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडकले आणि अखेरीस त्याच वर्षी ऑक्टोबरात कुलगुरूंना पद गमवावे लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच विद्यापीठाच्या दूरशिक्षण संस्थेच्या ऑनलाइन परीक्षा तांत्रिक व्यत्ययामुळे पुढे ढकलाव्या लागल्या. हा सायबर हल्ला असल्याचे विद्यापीठाने म्हटले होते. साधन बिघडले की त्याचा भार साधन निवडणाऱ्यावर पडत नाही, विद्यार्थ्यावर पडतो, असे या दोन्ही प्रसंगांतून दिसते.

दुसरे अपयश विषमतेचे आहे. जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील केवळ १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि २३.८ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. साथ आली तेव्हा देशाची स्थिती ही होती. त्यानंतर मोबाइल पुष्कळ पसरला आहे हे खरे. तथापि एका खोलीच्या घरात एकच मोबाइल असतो, तो दिवसा वडिलांबरोबर कारखान्यात जातो आणि रात्री तीन मुलांत वाटला जातो, ही परिस्थिती आपल्या वस्त्यांत आजही नवलाची नाही. स्त्री धर्मशिक्षिकेच्या वाट्याला तो सर्वांत शेवटी येतो.

तिसरे अपयश सर्वांत बोधप्रद आहे. हार्वर्ड व एमआयटी या नामांकित विद्यापीठांनी जगाला खुल्या केलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा एक आढावा २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदविणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे तीनच जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. ज्यांनी शुल्क भरून प्रमाणपत्रासाठी नाव नोंदविले होते, त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के होते. व्याख्याने तीच, शिक्षक तेच, पडदाही तोच. पदरमोड करून स्वतःला बांधून घेतलेला विद्यार्थी टिकला. सहज डोकावलेला गळाला. आता विचार करावा: आपण एखाद्या गरीब धर्मशिक्षकाला केवळ दुवा पाठवून दिला आणि तो दुसऱ्या महिन्यात थांबला, तर तो दोष आपल्या बुद्धीचा आहे असेच तो मानील. त्याच्या मनावरचा हा घाव कोणत्याही नोंदवहीत दिसणार नाही.

५. पवित्र शास्त्रातील दोन प्रसंग

या ठिकाणी प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या आठव्या अध्यायातील प्रसंग आठवतो. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमेहून परतत असताना रथात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत होता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्याच्यापाशी अध्ययनसामग्री उत्तम होती, ती दुर्मीळ व मूल्यवान होती, वेळ होता आणि जिज्ञासाही होती. उणीव एकाच गोष्टीची होती व ती त्याने स्वतःच सांगितली: वाट दाखविणारा कोणी नसता अर्थ कळावा कसा? फिलिप धावत गेला, रथात चढून त्याच्याजवळ बसला आणि जो उतारा तो वाचीत होता तेथूनच त्याने प्रारंभ केला. त्याने ग्रंथ बाजूला ठेवावयास सांगितले नाही, किंवा दुरून एक नवा ग्रंथही त्याच्याकडे टाकला नाही.

दुसरा प्रसंग संत पौलाच्या पत्रांचा. ख्रिस्तसभेचे आद्य दूरशिक्षण पत्रांनीच झाले. रोमकरांस लिहिलेले पत्र किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिच्या हाती गेले असावे, असे बहुतेक भाष्यकार मानतात. सोळाव्या अध्यायाच्या प्रारंभी पौल तिची शिफारस करतो. कलस्सैकरांचे पत्र तुखिकाबरोबर गेले, आणि पौलाचे सर्व वर्तमान तो तोंडाने सांगेल असेही त्यात म्हटले आहे. तेच पत्र पुढे लावदिकीयातील मंडळीत वाचून दाखवावे अशी सूचना आहे. याचा अर्थ असा, की पत्र एकटे जात नसे. ते नेणारी व्यक्ती ते सभेत पोहोचवी, त्यामागील मनोगत सांगे आणि ऐकणाऱ्यांचे प्रश्न घेऊन परत येई. थेस्सलनीकातील नवख्या ख्रिस्ती जनांची काळजी असह्य झाली, तेव्हा पौलाने तीमथ्यालाच पाठविले. योहानाच्या दुसऱ्या पत्राचा लेखक तर कागद व शाई यांवर थांबू इच्छित नाही; प्रत्यक्ष भेटीत आनंद पूर्ण होईल अशी आशा तो व्यक्त करतो.

तथापि यावरून दूरस्थ साधन हे हीन साधन आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. करिंथातील टीकाकार पौलाच्या पत्रांना वजनदार म्हणत व त्याच्या प्रत्यक्ष उपस्थितीला दुबळी म्हणत, हे दुसऱ्या पत्रातच नमूद आहे. काही गोष्टी लिहूनच नीट सांगता येतात. वर्गात जो विद्यार्थी इंग्रजी जाणणाऱ्यांपुढे तोंड उघडीत नाही, तो लेखी चर्चेत सावकाश विचार करून चांगले लिहितो, हा अनुभव शिक्षकांना येतो. तेव्हा पत्र हवेच. परंतु त्याच्यासोबत फिबी हवी. संमिश्र शिक्षणाचे ख्रिस्ती आकलन यात आले.

६. ख्रिस्तसभेने आखलेल्या मर्यादा

ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली धर्मगुरूंच्या घडणीसाठी सेमिनरीची रचना घालून दिली, तेव्हा तिच्या मुळाशी सहवास होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मगुरूंच्या घडणीविषयीच्या मार्गदर्शिकेतही मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक व मेषपालकीय अशी चार अंगे एकत्र मानली आहेत. यांपैकी बौद्धिक अंगाचा काही भाग पडद्यावर जाऊ शकतो. उरलेली तीन अंगे एकमेकांच्या सहवासात, भोजनगृहात, प्रार्थनामंदिरात आणि कधी कधी एकमेकांशी झालेल्या मतभेदांतही घडतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी धर्मविद्यापीठांसाठी काढलेल्या 'वेरितातिस गाउदियुम' या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संविधानानेही अभ्यासाचा काही भाग दूरस्थ पद्धतीने घेण्यास अनुमती दिली आहे. मात्र तशी तरतूद मंजूर नियमांत असावी आणि परीक्षांच्या अटी स्पष्ट असाव्यात, अशी अट घातली आहे.

संस्कारांच्या बाबतीत रेषा अधिक ठळक आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये ख्रिस्तसभा व इंटरनेट या विषयावर निघालेल्या दस्तऐवजात इंटरनेटवर संस्कार होऊ शकत नाहीत, असे स्पष्ट केले आहे. यास्तव आध्यात्मिक मार्गदर्शनाचे गंभीर संभाषण दृश्य सभेत करू नये, आणि अपरिहार्यच झाले तर त्याचे मुद्रण कदापि होऊ देऊ नये.

जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अंतिक्वा एत नोव्हा' या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या टिपणाने शिक्षकाच्या सदेह उपस्थितीतून निर्माण होणाऱ्या संबंधाची जागा यंत्र घेऊ शकत नाही, हे सांगितले आहे. या इशाऱ्याला व्यावहारिक बाजूही आहे. आज कोणत्याही विषयावरील निबंध यंत्र काही क्षणांत लिहून देते. तेव्हा घरी लिहून पाठविलेल्या निबंधावरून धर्मशिक्षकाची तयारी जोखणे आता शक्य राहिलेले नाही. 'स्वयम्' च्या अभ्यासक्रमांतही शिकणे पडद्यावर असले, तरी प्रमाणपत्राची अंतिम परीक्षा निरीक्षकांच्या देखरेखीखाली घेतली जाते.

७. मराठी धर्मशिक्षकांसाठी काय करता येईल

१० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाची सेवा ही ख्रिस्तसभेतील एक विधिवत प्रतिष्ठित सेवा म्हणून स्थापन केली. ज्यांना आपल्या जुन्या मिशनांत लोक आदराने मास्तर म्हणत, त्यांच्या परंपरेला मिळालेली ही मान्यता आहे. परंतु मान्यतेबरोबर योग्य धर्मज्ञानाची अपेक्षाही आली. ती पुरी करण्याची जबाबदारी धर्मविद्यालये व धर्मग्रामांचे प्रमुख यांच्यावर आहे.

सुरतेच्या मराठी माणसापुढे एक विशेष अडचण असते. राज्यस्तरीय विद्यापीठाचे दूरशिक्षण त्याच्या राज्याच्या हद्दीपुरते चालते. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाचे अभ्यासकेंद्र तापीच्या काठी उघडता येत नाही. याउलट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रमांना प्रादेशिक हद्दीचे बंधन नाही, आणि अशा पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या मानल्या जातात. सीमेपलीकडे राहणाऱ्या मराठी भाषिकांना ही वाट प्रथमच खुली झाली आहे. आपल्या धर्मविद्यालयांनीही आपल्या मराठी पाठांची आखणी करताना गुजरात, गोवा व कर्नाटकातील मराठी धर्मशिक्षक डोळ्यांसमोर ठेवावेत.

दुसरी अडचण भाषेची. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. भाषा मराठी, रचना ओवीची, आणि लिपी मात्र छापखान्याला जमेल ती. आज प्रत्येक मोबाइलवर देवनागरी आहे, तरी आपले विद्यार्थी मराठी रोमन अक्षरांत लिहितात आणि आपण त्यांना इंग्रजी व्याख्यानांचे दुवे पाठवितो. स्टीफन्स यांच्यापुढे नाइलाज होता. आपल्यापुढे तो नाही. पाठ मराठीत असावेत, आणि खानदेशी वस्त्यांतील चर्चेत अहिराणी बोलीला मोकळीक असावी.

या सर्व विचारातून एक साधी योजना सुचविता येईल. आठवड्याला अर्ध्या तासाचा एक ध्वनिमुद्रित पाठ व त्यासोबत चार पानांची मुद्रित पुस्तिका असावी. पाठाच्या शेवटी धर्मशिक्षकाने त्या आठवड्यात वस्तीत करून पाहण्याची एक कृती द्यावी. दर पंधरवड्यास चार-पाच धर्मशिक्षकांनी सुटीच्या दिवशी धर्मग्रामात एकत्र बसावे व तेथे धर्मगुरूने स्वतः हजर राहावे. महिन्यातून एकदा धर्मविद्यालयातील प्राध्यापकांनी दृश्य सभेत केवळ प्रश्नांना उत्तरे द्यावीत. मोबाइल नसलेल्यांनी ती धर्मग्रामातील एकाच पडद्यावर मिळून पाहावी. वर्षातून दोनदा तीन दिवसांचे निवासी शिबिर व्हावे, त्यात मिस्सा, प्रार्थना व तोंडी परीक्षा असावी. परीक्षकाने निबंध मागण्याऐवजी विचारावे, की लिंबायतमधील आई मूल दगावल्यावर देवाने असे का केले म्हणून विचारते, तिला तुम्ही काय सांगाल? या प्रश्नाचे उत्तर यंत्र लिहून देऊ शकेल. त्या आईच्या दाराशी जाऊन ते सांगण्याची तयारी मात्र परीक्षकाला समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचता येईल.

या योजनेत साधनांचा खर्च थोडा आहे. जड भाग आहे तो पंधरवड्याच्या बैठकीचा, कारण त्यासाठी धर्मगुरूला वेळ द्यावा लागतो. धर्मग्रामाच्या इमारती, शाळा, कार्यालय व सण यांतून हा वेळ काढणे सोपे नाही. दुवा पाठविला म्हणजे आपण शिकविले, असा समज करून घेण्याचा मोह यामुळेच होतो. परंतु तो खांब रोवला नाही, तर धर्मविद्यालयाने कितीही परिश्रमाने पाठ तयार केले तरी ते धर्मशिक्षकाच्या मोबाइलमध्ये न ऐकता पडून राहतील.

विद्यापीठांनी या साधनांवर जे प्रयोग केले, त्यांचे फळ आज अल्प खर्चात आपल्या हाती आले आहे, आणि ते कृतज्ञतेने स्वीकारावे. या बुलेटिनच्या वाचकांपैकी जे धर्मगुरू आहेत, त्यांनी येत्या वर्षात आपल्या धर्मग्रामातील निदान दोन धर्मशिक्षक निवडून त्यांच्यासह अशा अभ्यासास प्रारंभ करावा. आणि जे धर्मशिक्षक आहेत, त्यांनी संकोच न बाळगता आपल्या धर्मगुरूंकडे तशी मागणी करावी. इथिओपियाच्या त्या अधिकाऱ्याने रथात बोलावून मदत मागितली, तिला प्रतिसाद देण्यासाठी फिलिपही वाटेवर होता. आपल्या काळात ती वाट उधन्याच्या कारखान्यांजवळून जाते, एवढेच.